ताटाची हकिकत

श्रीकृष्णरावांनी पनीरचे तुकडे ताटलीच्या एका बाजूला सारले, दोन उकडलेली अंडी मधोमध ठेवली, वरून तुपाची धार सोडली आणि खुर्चीवर चढून फोटो काढला. खुर्चीवर चढायची तशी गरज नव्हती. पण बसल्या बसल्या काढलेल्या फोटोत ताटलीची मागची कड दिसत नाही, असं त्यांचा मुलगा सलील एकदा म्हणाला होता. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाला वरून आलेली सूचना एकदा पुरते.

"पडान ना भाऊ," स्वयंपाकघराच्या दारातून इंदूबाई म्हणाली. "पडले म्हंजे मले बोलावान."

"नाही पडत. खोबरं किसलं का?"

"किसलं. शेंगदाने भाजले, लोनी काढलं. भाकर नाई, भात नाई, वरन बी नाई. मले सांगा, मी सयपाकाले येतो कायले?"

श्रीकृष्णरावांचं लक्ष फोनमध्ये होतं. फोटो पुण्याला गेला, त्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, तेव्हा कुठे ते खुर्चीवरून उतरले. इंदूबाईला त्यांच्या बायकोनं, शीलानं कामाला ठेवलं होतं. शीला गेल्यावर तिचं काम अर्ध्यावर आलं आणि बोलणं दुप्पट झालं. लोहाऱ्यातल्या त्या घरात दिवसभरात तेवढाच काय तो माणसाचा आवाज होता. दुसरा आवाज फोनमधून यायचा.

तो आलाच.

"काय बाबा, आज काटा काय म्हणतो?"

"अडुसष्ट."

"अरे! पुन्हा उतरलं?"

"दोनशे ग्रॅम. काल रात्री फक्त पनीर घेतलं, भुर्जी करून. इंदूबाईला कांदा कमी टाक म्हटलं. कांद्यातही साखर असते, तू पाठवलेल्या त्या व्हिडिओत सांगितलं होतं ना?"

"असते ना. जबरदस्त बाबा. मी तर नुसती अंडी खाऊन राहिलो सकाळपासून."

मग पनीर निघालं. लोणी विकतचं बरं की घरचं, खोबऱ्याचं तेल कॉफीत घातलं की जिभेला कसं लागतं, ऑफिसातल्या कोणाची ढेरी किती उतरली. श्रीकृष्णराव बोलत होते. हातवारे करत बोलत होते. समोर ताटलीतलं तूप थिजत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

शीला होती तोवर पुण्याचा फोन तिचा असे. ती तासभर बोले. नातीची शाळा, सून अनघाची नोकरी, पुण्यातला भाजीचा भाव, सगळं तिच्या पदरात पडे. श्रीकृष्णराव पेपर समोर धरून त्याच खोलीत बसत आणि एका बाजूचं बोलणं ऐकत. शेवटी ती म्हणे, "घे, बाबांशी बोल." मग दोघं पुरुष एकमेकांसमोर येऊन उभे राहत. कसं आहे? बरं आहे. पाऊस? नाही. ठेवू का? ठेव. ती गेल्यावर फोन तेवढाच उरला. सलील न चुकता करायचा आणि हे न चुकता बरं आहे म्हणायचे. दोघांनाही वाईट वाटत असे, पण वाईट वाटतं हे सांगायचं काम घरात शीलाकडे होतं.

मागच्या दिवाळीत सलीलनं बापाच्या साखरेचा आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. तो स्वतः तेव्हा नवा नवा या आहारात शिरला होता. पोळी बंद, भात बंद, डाळ बंद. तूप, लोणी, अंडी, पनीर, चीज पोटभर. त्यानं व्हिडिओ पाठवला, श्रीकृष्णरावांनी तो बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणी सुरू केली. आधी तपासणी करून घ्यावी, डॉक्टरला विचारावं, हे दोघांच्याही मनात आलं नाही. मुलानं एक चमचा लोणी सांगितलं तर बापानं दोन घेतले. मुलानं दोन अंडी सांगितली तर बापानं चार खाल्ली. वजन उतरायला लागलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बापलेकांना बोलायला विषय सापडला.

श्रीकृष्णरावांना हे कळत होतं. ते साधे होते, पण खुळे नव्हते. लोणी त्यांना आवडतही नसे. सकाळचा फोन आवडायचा.

श्रावणात सलीलच म्हणाला की आता एकदा सगळं तपासून घ्या, म्हणजे फायदा कागदावर येईल. श्रीकृष्णराव सरकारी दवाखान्यात गेले. नोकरीपासूनची सवय, खासगीत जायचं त्यांच्या जिवावर येई. त्या वर्षी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, तिच्यावर बोंडअळीची धास्ती, आणि फवारणी करणारी माणसं एकामागून एक आत येत होती. कोणी ओकत होता, कोणी बडबडत होता, कोणाचे डोळे सुजून मिटले होते. व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या. त्यांच्या मधून वाट काढत जाताना श्रीकृष्णरावांना आपल्या इस्त्रीच्या शर्टाची लाज वाटली.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि रात्रभर जागलेल्या दिसत होत्या.

"लिव्हरवरची चरबी चांगली उतरली आहे," त्या म्हणाल्या. "साखरही खाली आहे."

श्रीकृष्णरावांचा चेहरा उजळला. सकाळी फोनवर हे कसं सांगायचं, याची त्यांनी मनात जुळवाजुळव सुरूही केली.

"किडनी मात्र बिघडून राहिली आहे. लघवीला फेस येतो का तुम्हाला?"

येत होता. बरेच दिवस येत होता. इंदूबाई फिनाईल जास्त टाकते, असं ते धरून चालले होते.

"काय खाता?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टर बाई ऐकता ऐकता पेन खाली ठेवून बसल्या.

"हे बघा काका, असं खाऊन सगळ्यांचंच बिघडतं असं मी म्हणत नाही. काहींना फायदा होतो, तुमच्या लिव्हरला झालाच. पण इतक्या वर्षांच्या साखरेनं तुमची किडनी आधीच दमलेली असणार. त्यात ही इतकी अंडी, इतकं पनीर. त्याचा सगळा कचरा तिलाच उपसावा लागतो. सुरू करायच्या आधी साधी रक्त-लघवी तपासली असती तरी कळलं असतं. कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

सलीलचं नाव श्रीकृष्णरावांच्या ओठांवर आलं होतं. वरिष्ठांचं नाव पुढे करायचं नाही, ही त्यांची नोकरीतलीच शिस्त होती.

"मीच," ते म्हणाले. "असंच कुठेतरी बघितलं."

"आजपासून बंद. गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही, पण उरलेलं तरी सांभाळू."

त्या रात्री इंदूबाईनं ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी केली. तिच्या हाताला असा काही हुरूप आला होता की भाकर ताटलीबाहेर गेली. श्रीकृष्णराव चवीनं जेवले. सकाळी फोन आला.

"काय बाबा, फोटो नाही आला?"

"हो. म्हणजे, राहिला."

"काय खाल्लं मग?"

"पनीर," श्रीकृष्णराव म्हणाले आणि पुढे त्यांना एक शब्द सुचेना. पनीरचं काय केलं होतं? भुर्जी? तळलं होतं? न खाल्लेल्या पदार्थाचं काय सांगतात?

"आवाज असा का येतोय तुमचा? बरं नाही का?"

"बरं आहे."

"रिपोर्ट आला?"

"यायचा आहे."

"पाऊस आहे का तिकडे?"

"नाही."

"बरं. ठेवू का मग?"

फोन खाली ठेवल्यावर घर इतकं गप्प झालं की नळाचं टपटपणं ऐकू यायला लागलं. श्रीकृष्णरावांनी उठून फ्रीज उघडला आणि पनीरची वडी बाहेर काढली.

"डाक्टरीन नाई म्हणे ना?" इंदूबाईनं विचारलं.

"पितृपक्षापर्यंत," ते म्हणाले. "सलील येणार आहे नवमीला. समोर आला की सांगतो. फोनवर असं सांगता येत नाही."

इंदूबाईनं वडी घेतली आणि चिरायला बसली.

ते दिवस श्रीकृष्णरावांनी खाऊन काढले. पायांवर सूज दिसायला लागली, सकाळी चपलेत पाय जाईना. फोनवर मात्र ते रंगात येऊन बोलत. मुलाशी खोटं बोलणं जमत नाही म्हणून ते खरं करून खात होते. हे वेडेपण आहे हे त्यांनाही समजत होतं, आणि तरी उद्या सकाळी फोन नुसता पावसावर येऊन थांबेल या विचारानंच ते पुन्हा ताटलीशी बसत.

शीला कुंकवानं गेली होती, म्हणून तिचं पान अहेव नवमीला असे. त्या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, ओटी भरायची. आदल्या वर्षी सलीलला रजा मिळाली नव्हती. या वर्षी तो एकटाच का होईना, येणार होता. अनघाला ऑफिस होतं आणि नातीची, शाल्मलीची परीक्षा.

सकाळी फाटक वाजलं. श्रीकृष्णराव दार उघडून पायरीवर आले.

सलील रिक्षातून उतरत होता. आधी बॅग उतरली, मग पोट उतरलं, मग सलील. मागच्या दिवाळीत होतं त्याहून ते पोट चांगलं बोटभर पुढे होतं आणि शर्टाची मधली गुंडी जीव मुठीत धरून बसली होती. आपलं चौदा किलो उतरलं, असं तो गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाला होता.

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. सलीलनं बॅग पोटासमोर धरली.

"बारीक झाला रे," श्रीकृष्णराव म्हणाले.

सलीलनं मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. त्या सुटायला फार वेळ लागला.

सवाष्ण म्हणून शेजारच्या विमलताई आल्या होत्या. त्यांचे यजमान सदाशिवराव त्यांना दारापर्यंत सोडून शेताकडे गेले. पाटावर बसलेल्या विमलताईंसमोर शीलाच्या आवडीचं सगळं होतं: वडे, कढी, कोहळ्याची भाजी, खीर, भातावर वरण. श्रीकृष्णराव स्वतः वाढत होते. शीला जेवते आहे असं मनात आणायचं असतं, तसं त्यांनी आणलं. ते बरंचसं जमतही होतं. तेवढ्यात विमलताईंनी दही मागितलं. शीलाला दही चालत नसे. त्यांनी दही वाढलं आणि आत जाऊन थोडा वेळ ओट्याला धरून उभे राहिले.

विमलताई ओटी घेऊन गेल्या. मग बापलेक जेवायला बसले. सलीलनं वडा कढीत बुडवला, दुसरा बुडवला, आणि तिसऱ्याला हात घालताना थांबला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"जेव आधी."

"नाही, सांगतो. मी सोडलं ते. डाएट. संक्रांतीलाच सोडलं. जमेच ना मला."

"दिसून राहिलं," श्रीकृष्णराव म्हणाले.

सलील हसला, पण ते हसू पुढे सरकेना. त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले.

"मग रोज सांगत होता ते?"

"असंच. इकडून तिकडून वाचून. फोटोसुद्धा कोणाचे तरी पाठवायचो."

"काहून पण?"

"तुम्ही बोलत होते ना, बाबा." सलील ताटातल्या भाताशी चाळा करत राहिला. "आई गेल्यावर तुमच्याशी काय बोलायचं तेच कळत नव्हतं मला. मी विचारायचो, तुम्ही बरं आहे म्हणायचे. फोन ठेवला की दिवसभर मनाला लागून राहायचं. अन् एक दिवस तुम्ही पनीरवर सुरू झाले. किती वेळ बोलले! मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकलं. मीटिंग चुकली माझी. घरी जाऊन अनघाला सांगितलं, आज बाबा बोलले."

श्रीकृष्णरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. जिन्यात उभा राहिलेला सलील त्यांना लख्ख दिसत होता. त्याला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं. मध्ये ताटं होती.

"मी सोडलं म्हटलं असतं तर तुम्हीही सोडलं असतं," सलील म्हणाला. "मग पुन्हा पाऊस. आणि तुमच्या तब्येतीला तर फायदाच होत होता. नाहीतर मी असं केलं नसतं, खरंच सांगतो. तेवढं एक समाधान होतं. आता रिपोर्ट आला असेल ना? काय म्हणतो?"

समोर आला की सांगायचं ठरलं होतं. तो समोर होता. इंदूबाई भाताचं पातेलं हातात धरून दारात थांबली होती आणि श्रीकृष्णरावांच्या तोंडाकडे बघत होती.

"चांगला आला," श्रीकृष्णराव म्हणाले. "लिव्हरवरची चरबी उतरली. साखरही खाली आहे. डॉक्टर बाई खूश होत्या."

"आणि किडनी वगैरे?"

"सगळं बरोबर आहे."

त्यांचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

सलीलनं मोठा श्वास सोडला आणि तिसरा वडा उचलला. "मग आता पुरे करा तुम्हीही. झाला तेवढा फायदा खूप झाला. इंदूबाई, बाबांना भात वाढा."

इंदूबाईनं भात वाढला. चार शितं ताटाबाहेर सांडली. "भाऊ," ती म्हणाली आणि श्रीकृष्णरावांनी वर बघितलं. शितं वेचून ती आत गेली.

दसरा झाला. श्रीकृष्णराव आता डॉक्टर बाई सांगतील तसं खात होते. मीठ चिमूटभर, वरण मोजकं, भाज्या उकडून पाणी फेकलेल्या. इंदूबाई निमूट करून वाढायची आणि तेही निमूट खायचे. महिन्यातून काही वेळा किडनीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसावं लागे. पुढेमागे मशीनवर रक्त धुवायची वेळ येऊ शकते, असं त्यांनी शांतपणे सांगून ठेवलं होतं. सलीलचा फोन रोज येत होता. आज काय जेवले, हा प्रश्न त्यानं सोडला नव्हता. श्रीकृष्णराव सांगत, आणि काय जेवलो ते सोडून बाकी सगळं सांगत.

त्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघत होते. शेजारी एक तरुण माणूस बसला होता, दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. नाव नेमसिंग, मारेगावकडच्या एका तांड्यावरचा. फवारताना वारा फिरला आणि सगळं तोंडावर आलं, असं त्यानंच सांगितलं होतं. त्याच्या बायकोला औषधाच्या खिडकीशी उभं राहून बराच वेळ झाला होता. दिसत नसल्यामुळे तो प्रत्येक आवाजाकडे मान वळवत होता.

फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात? गोंधळ कसला एवढा?"

मागे कोणीतरी कण्हत होतं, स्ट्रेचरची चाकं करकरत होती.

"तेरवीत आलो," श्रीकृष्णराव म्हणाले. "ऑफिसातले एक होते जुने. पंगत बसून राहिली."

"अच्छा. मग जेवण काय आहे?"

"वांग्याची भाजी. रस्सेदार, वर ही अशी तर्री. बोटं लाल होतात." ते बाकाच्या कडेपर्यंत पुढे सरकले. "पोळ्या काही खास नाहीत, जाड आहेत. वरण मात्र तुरीचं, घट्ट. वरणावर तूप. एक बाई फिरून फिरून वाढून राहिल्या, नाही म्हटलं तरी ऐकत नाहीत. ठेचा आहे बाजूला. भात मोकळा झाला आहे, शीत न शीत वेगळं. आणि भज्यांची कढी."

"वा! अजून?"

श्रीकृष्णरावांना अजून सुचेना. आतून सिस्टरनं त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी फोनवर हात धरला.

"बुंदी, काका," शेजारून हळू आवाज आला. नेमसिंगनं मान त्यांच्याकडे वळवली होती. "बुंदी ऱ्हायली. तेरवीत बुंदी तं असतेच ना."

त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे श्रीकृष्णराव बघत राहिले. माणूस सगळं जेवण ऐकत बसला होता. मग त्यांनी हात काढला.

"आणि बुंदी," ते फोनमध्ये म्हणाले. "ती सांगायची राहिलीच. गरम आहे अजून."

"घेतली तुम्ही?"

"दोन डाव."

"बाबा! साखर आहे तुम्हाला. इतकं सगळं कमावलं ते असं घालवायचं का? दोन डाव? काय लहान आहात का तुम्ही आता..."

नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. श्रीकृष्णराव उठले नाहीत. सलीलचं रागावणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.